देहविक्रय सोडू इच्छिणाऱ्यांचे पुनर्वसन (भारत)

देहविक्रयातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या व्यक्तींना शासनाकडून निवारा, प्रशिक्षण, वैद्यकीय व कायदेविषयक मदत यांद्वारे दिले जाणारे साहाय्य म्हणजे हे पुनर्वसन होय. त्याच्या तरतुदी कायदा, योजना आणि न्यायालयीन आदेश यांत विखुरलेल्या आहेत.

कायदा

अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, 1956 हा यासंबंधीचा मुख्य कायदा आहे. कुंटणखाना चालवणे, दलाली करणे हे त्यात गुन्हे आहेत. सज्ञान व्यक्तीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय मात्र मुळात गुन्हा नाही, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. कलम 19 नुसार देहविक्रय करणारी व्यक्ती स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षणगृहात आश्रय मागू शकते. याउलट कलम 17 नुसार छाप्यात सोडवलेल्या व्यक्तीस चौकशीनंतर एक ते तीन वर्षे तेथे ठेवण्याचा आदेश देता येतो. आश्रय आणि स्थानबद्धता यांतली सीमारेषा येथेच पुसट होते. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांची अशा गृहातून मुक्तता केली व सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क असल्याचे नमूद केले.

योजना

केंद्र शासनाने डिसेंबर 2007 मध्ये ‘उज्ज्वला’ योजना सुरू केली. प्रतिबंध, सुटका, पुनर्वसन, कुटुंबात व समाजात पुनःस्थापना आणि परदेशी पीडितांची मायदेशी रवानगी ही तिची पाच अंगे होत. पुढे ‘मिशन शक्ती’अंतर्गत ‘उज्ज्वला’ व ‘स्वाधार गृह’ एकत्र करून ‘शक्ती सदन’ योजना आखण्यात आली. ‘उज्ज्वला’चा रोख मानवी तस्करीच्या बळींवर होता, त्यामुळे दारिद्र्यापोटी स्वतःहून या व्यवसायात आलेली व आता तो सोडू पाहणारी स्त्री तिच्या व्याख्येत सहज बसत नसे.

सर्वोच्च न्यायालयाचे आदेश

कोलकात्यात 1999 मध्ये झालेल्या एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीच्या खुनाच्या खटल्यात (बुद्धदेव करमासकर वि. पश्चिम बंगाल राज्य) आरोपीचे अपील 2011 मध्ये फेटाळताना न्यायालयाने पुनर्वसनाचा प्रश्न आपणहून हाती घेतला. त्याच वर्षी प्रदीप घोष यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. व्यवसाय सोडू इच्छिणाऱ्यांचे पुनर्वसन आणि तो सोडू न इच्छिणाऱ्यांना सन्मानाने जगता येईल अशी परिस्थिती, हे दोन्ही विषय तिच्याकडे होते. 19 मे 2022 च्या आदेशात, संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांना कालबद्ध रीतीने मुक्त करण्याचे निर्देश आहेत. निवासाच्या पुराव्याअभावी आधारपत्र अडू नये यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरावे व नोंदणी क्रमांकावरून व्यवसाय उघड होऊ नये, असेही त्यात म्हटले आहे.

महाराष्ट्र

कोविड काळात महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर 2020 साठी या स्त्रियांना दरमहा 5,000 रुपये, तर शाळेत जाणारी मुले असल्यास आणखी 2,500 रुपये मंजूर केले. ही मदत तात्पुरत्या निर्वाहासाठी होती. व्यवसाय सोडण्याची अट तीत नव्हती.