दाखल-खारीजचं रजिस्टर

मंडळी, शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे कंटाळवाणी वस्तू. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, कधी आला, कधी गेला. आपल्याकडे तर निम्मा वर्ग १ जुलैला जन्मलेला! पण अशाच शाळेच्या कागदाने नागपूरच्या जेलातला एक माणूस फाशीतून सुटला. शिक्षक मंडळींनी तरी ही हकीकत वाचावीच.

१९९४ साली पुण्यात एका घरातल्या सात जणांची हत्या झाली. दोन लहान मुलंही गेली. राजस्थानातून आलेली पोरं पकडली गेली आणि १९९८ साली फाशीची शिक्षा झाली. त्यातल्या एकाचं वय कोर्टाच्या कागदांत वीसच्या पुढे लागलं होतं. गावच्या शाळेत मात्र त्याचं नाव थोडं वेगळं, आणि जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा, आपल्या सातवीतल्या मुलाएवढा! २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य करून त्याला सोडलं. निर्दोष म्हटलं नाही, हे सांगायलाच हवं. पण बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं, आणि याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. हे प्रकरण लावून धरलं दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ए' या गटाने. नाव घटनेच्या कलमावरून. गरिबाला मोफत कायदेशीर मदत देण्याचं हे कलम १९७६ साली आलं.

दुसरं प्रकरण तर सरळ निर्दोषांचं. जून २००३, नाशिकजवळची एक झोपडी, पाच खून आणि बलात्कार. पकडले भटक्या जमातीचे सहा जण. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली. वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते, त्यांची चौकशीच झाली नाही! ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख द्यायला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. हिशोब तुम्हीच करा.

कागद हातात नसला की काय होतं, याचं जुनं उदाहरण १९७८ च्या होसकोट खटल्याचं. उच्च न्यायालयाने तीन वर्षांची कैद दिली, पण निकालाची प्रत वेळेवर मिळाली नाही म्हणे. सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत शिक्षा भोगून झाली होती. अर्ज फेटाळला गेला, पण न्या. कृष्ण अय्यर यांनी नियम घालून दिला की प्रत कैद्याला फुकट मिळावी आणि वकील परवडत नसेल तर सरकारने द्यावा.

आपल्या पवनीकडे घरचं कुणी आत गेलं की पहिलं धानाचं वावर विकायला निघतं. नातलगांनो, वावर विकण्याआधी भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अपिलासाठी नागपूर खंडपीठातही अशीच समिती आहे. जेलातून अधीक्षकामार्फत अपील पाठवता येतं. फोन १५१००, पैसे पडत नाहीत.

आणि हो, जाताना निकालाची प्रत आणि शाळेचा दाखला पिशवीत घाला.