नागपूरची मध्यरात्र

आमच्या शिरपुरात पाहुणा आला की तो आधी देवाबद्दल विचारतो. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती भूमीला टेकलेली नाही, तिच्याखालून दोरा आरपार जातो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. अशा गावच्या माणसांनी अंतराळातून प्रवास करावा यात नवल ते काय, असे मी थट्टेने म्हणतो. पण परवा शेजारचे काका विमानाच्या तिकिटाचे कागद घेऊन आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेला जागा नव्हती.

"गुरुजी, नातवाला पाहायला अमेरिकेस निघालोय. मध्ये दोह्याला विमान बदलायचं. हाती फक्त दीड तास. एवढ्या वेळात आमचा अकोल्याला चहासुद्धा होत नव्हता!"

अकोल्याचे नाव निघाले आणि आम्ही दोघेही क्षणभर जुन्या फलाटावर जाऊन उभे राहिलो. २००८ साली अकोला-पूर्णा मार्ग रुंद झाला. तोवर आमच्याकडची गाडी छोट्या लाईनची आणि मुंबई-नागपूरची मोठ्या लाईनची. दोघींच्या रुळांची रुंदीच वेगळी, तेव्हा डबा पुढे जोडून देण्याची सोय नव्हती. माणसाने वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि पोरे यांसह उतरायचे, जिना चढायचा आणि मोठ्या गाडीची वाट पाहायची. छोटी गाडी उशिरा आली तर मोठी तिच्यासाठी थांबेल असा भरवसा कोणीच धरीत नसे. म्हणून आमची वडीलधारी माणसे चार तास आधी निघत आणि शिदोरी दोन वेळची बांधीत. वेळेची खात्री नसली की माणूस वेळच जास्त घेऊन निघतो.

परंतु ज्या काळी आम्ही अकोल्याच्या फलाटावर असे ताटकळत होतो, त्याच काळात आमच्याच विदर्भात, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, वाहन बदलण्याची एक अजब व्यवस्था रोज रात्री चालत असे. तिची आठवण आज फार थोड्यांना आहे.

३० जानेवारी १९४९ रोजी, महात्माजींच्या निर्वाणाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, रात्रीची विमानटपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई. मुंबईच्या विमानातून दिल्लीची, कलकत्त्याची आणि मद्रासची थैली उतरे. त्या तिन्ही शहरांकडची मुंबईची थैली त्यात चढे. मग चारही विमाने आपापल्या गावी परतत. कलकत्त्यात संध्याकाळी पेटीत पडलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत पोहोचे.

यातले गणित मुलांनाही सांगण्याजोगे आहे. चार शहरे परस्परांना थेट जोडायची तर सहा वाटा लागतात. मधोमध एक गाव धरले की चार वाटांत काम भागते. नागपूर देशाच्या मध्यावर. तेव्हा हा मान त्याच्याकडे चालून आला.

या योजनेमागे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांचा आग्रह होता. रात्रीच्या उड्डाणासाठी लागणारी साधने आपल्याकडे पुरेशी नाहीत, असे म्हणून जे. आर. डी. टाटांनी तिला विरोध केला. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे वेगळा आकार न घेता विमानाने जाऊ लागली आणि सामान्य माणसाच्या पत्राला पंख फुटले. पण १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपूरहून मद्रासकडे निघालेले डकोटा विमान उड्डाण करताच कोसळले. दहा उतारू आणि तीन कर्मचारी दगावले. वैमानिक तेवढे वाचले. आपण सकाळी चहाबरोबर पत्र वाचीत होतो, तेव्हा त्यासाठी रात्रभर जागलेल्या माणसांची आठवण किती जणांना होत असेल?

प्रथम खासगी कंपन्यांकडे असलेली ही सेवा १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सकडे आली आणि पुढे काळाच्या ओघात बंद पडली. युक्ती मात्र मेली नाही. १९७३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस गावी फेडरल एक्स्प्रेस कंपनीने चौदा विमानांनिशी हाच खेळ मांडला: रात्री सगळी पार्सले एका ठिकाणी आणायची, निवडायची आणि पहाटेपूर्वी पुन्हा उडवायची. भारतीय टपालखात्याने हे पूर्वी केले होते, असे तिचे संस्थापक फ्रेडरिक स्मिथ यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितले. १९८५ साली दुबईच्या एमिरेट्स कंपनीची विमाने उडू लागली, आणि आखातातल्या विमानतळांनी थैल्यांच्या जागी माणसे धरून तेच गणित मोठ्या प्रमाणावर मांडले. पूर्वेची आणि पश्चिमेची विमाने एका सुमारास आणायची, उतारू अदलाबदल करायचे, पुन्हा उडायचे. काकांचा दीड तास हा त्या नागपूरच्या मध्यरात्रीचाच नातू!

फरक एवढाच की, नागपूरच्या थैलीला स्वतः धावावे लागत नव्हते. तिच्या गळ्यात चिठ्ठी होती आणि तिला पुढच्या विमानात घालणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम होते. इतिहासातून मला उमगले ते हेच. वाहन बदलताना माणसाला मिनिटांपेक्षा जबाबदारी तारते.

मी काकांचे कागद पुन्हा नीट पाहिले. तिकिटे दोन होती, दोन कंपन्यांची, वेगवेगळी काढलेली. मुलाने काही हजार रुपये वाचवले होते. सबंध प्रवासाचे तिकीट एक असेल, तर पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरे चुकल्यास पुढे पोहोचवण्याचे काम कंपनीचे. शिवाय प्रत्येक विमानतळाची विमान बदलण्याची किमान वेळ ठरलेली असते आणि तिच्याहून कमी वेळात कंपनी असे एकत्र तिकीट सहसा देत नाही. तिकिटे दोन असली की मधली खिंड उतारूने एकट्याने लढवायची. पहिले विमान तासभर रखडले की दुसरे तिकीट बुडाले; सामानही बहुधा मध्येच उतरवून घ्यावे लागते, आणि त्यासाठी त्या देशात शिरण्याचा परवाना लागू शकतो. मध्यरात्री, परक्या मुलखात, इंग्रजीचे चार शब्द न येणाऱ्या काकूंना घेऊन काका कोणाच्या दारी जाणार होते?

त्या रात्री मुलाशी फोनवर बोलणे झाले. तो आधी थोडा रागावला, मग गप्प झाला. आठवड्याने नवे तिकीट आले: एकच, आणि मध्ये तीन तास. चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवली. औषधे आणि जोडभर कपडे हातातल्या पिशवीत घेतले. सामानाच्या चिठ्ठीवर शेवटच्या गावाचे नाव आहे ना, हे पाहायला शिकवले. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर उतरताच सामान घेऊन जकातीतून जावे लागते आणि पुढे पुन्हा स्वाधीन करावे लागते, हेही सांगितले. तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, हे काकूंना पटेना. शेवटी दिवा आणि नारळ घेऊन पृथ्वी फिरवून दाखवावी लागली.

काका-काकू दिवाळीच्या तोंडावर परतले. काकूंनी चिवड्याची बशी पुढे ठेवली. मी विचारले, "दोह्याला काय झाले?"

"विमान तासभर उशिरा पोहोचलं," काका म्हणाले. "हातात पाटी घेऊन एक पोरगी उभी होती. पाटीवर हिचं नाव."

"आणि तुम्ही?"

"मी? मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी बदलताना धावलो नाही, गुरुजी. चहासुद्धा घेतला!"