सिकलसेल: आजार सर्वांत आधी कळला, मग औषध सर्वांत शेवटी का आले?

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. ‘क्रिस्पर’ तंत्राने माणसाच्या पेशीतील जनुकात बदल करून आजारावर मात करणारा हा जगातील पहिला मान्यताप्राप्त उपचार. विज्ञानाच्या इतिहासातला हा मोठा टप्पा आहे, यात वाद नाही. हा टप्पा ज्या आजाराच्या नावावर लागला, तो आहे सिकलसेल.

हा शब्द आपल्याला नवा नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि तिकडे नंदुरबार या जिल्ह्यांत तो घराघरात माहीत आहे. ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द तिथे लग्नाच्या बोलणीत निघतात. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा हे आदिवासी समाज, पूर्वाश्रमीचा महार समाज, आणि कुणबी, तेली अशा ओबीसी जातींमध्येही हा आजार आहे. कॅसजेव्हीची अमेरिकेतील किंमत आहे २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. ज्यांच्या रक्तात हा आजार आहे त्यांच्या सात पिढ्यांनी राबूनही एवढा पैसा जमणार नाही.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते: “विज्ञानाला वेळ लागतो, नवे तंत्र महाग असते.” आम्हाला हे उत्तर मान्य नाही. सिकलसेलचा इतिहास उघडून पाहिला की दिसते, हा आजार विज्ञानाला सर्वांत आधी उमगला. उशीर झाला तो आजार कोणाच्या शरीरात आहे, यामुळे.

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी या आजाराचा पहिला शास्त्रीय अहवाल प्रसिद्ध केला. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक कृष्णवर्णीय तरुण. त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या दिसल्या. अहवालात या तरुणाचा वर्ण आहे, वय आहे, नाव नाही. आजाराला काही काळ डॉक्टरचे नाव मिळाले. रुग्णाचे नाव वॉल्टर क्लेमंट नोएल होते, हे इतिहासकारांनी कित्येक दशकांनी शोधून काढले. शरीर एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव आपल्याला अनोळखी नाही.

१९४८ साली जॅनेट वॉटसन या डॉक्टरने नोंदवले की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांना सुरुवातीचे काही महिने त्रास होत नाही. कारण गर्भात असताना बाळाच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते, ते त्याला वाचवते. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होतो. रेणूच्या पातळीवर कारण सापडलेला हा वैद्यकशास्त्रातील पहिला आजार. १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका दाखवला: हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते. एवढाच फरक.

म्हणजे १९५७ पर्यंत आजाराचे मूळ हाती होते आणि शरीर त्यावर कशी मात करू शकते याचा धागाही हाती होता. तरीही सिकलसेलवरील पहिल्या औषधाला, हायड्रॉक्सीयुरियाला, अमेरिकेत मान्यता मिळाली १९९८ मध्ये. तेही या आजारासाठी शोधलेले औषध नव्हते, कॅन्सरच्या उपचारातून आले होते. मधली चाळीस वर्षे कुठे गेली?

१९७० साली डॉ. रॉबर्ट स्कॉट यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. १९६७ साली अमेरिकेत सिकलसेलचे अंदाजे १,१५५ नवे रुग्ण होते. मुख्यतः गोऱ्यांमध्ये आढळणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसचे १,२०६. रुग्णसंख्या जवळपास सारखी. पण स्वयंसेवी संस्थांनी सिस्टिक फायब्रोसिससाठी १९ लाख डॉलर जमवले आणि सिकलसेलसाठी एक लाखही नाही. प्रयोगशाळा तटस्थ असेल, पण तिच्यात जाणारा पैसा तटस्थ नसतो.

ही कोंडी फोडली चळवळीने. १९७१ पासून ब्लॅक पँथर पक्षाने आपल्या मोफत दवाखान्यांतून सिकलसेलची तपासणी सुरू केली. कार्यकर्ते वस्तीवस्तीत गेले, लोकांना आजार समजावून सांगितला आणि सरकारला जाहीर जाब विचारला. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर उभी केली. नाव आपण तिथूनच घेतले. पँथरची आक्रमकता आपल्याला आठवते, पण काळ्या पँथरच्या हातात रक्ततपासणीची सुईसुद्धा होती, हे आपण फारसे सांगत नाही. आरोग्य हा ‘सेवाभावी’ लोकांचा विषय नसून राजकीय हक्काचा विषय आहे, हे त्यांना पन्नास वर्षांपूर्वी समजले होते.

पण तपासणीची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. ज्या पॉलिंग यांनी आजाराचे मूळ शोधले, त्यांनीच १९६८ साली सुचवले की हा जनुक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. दोन नोबेल पारितोषिके मिळवलेला, अण्वस्त्रांविरुद्ध लढलेला माणूस हे सुचवतो! ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधला गेला, त्यांना कपाळावरच्या खुणेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढे अमेरिकेतील काही राज्यांनी कृष्णवर्णीयांवर तपासणीची सक्ती केली. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीने सिकलसेलच्या निव्वळ वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नाकारला. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे विज्ञान तेव्हाही सांगत होते. उपचाराविना नुसती तपासणी केली की तिचा शिक्का होतो.

आता आपल्याकडे या. भारतात सिकलसेलची नोंद १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी केली. तेव्हा या जनुकाकडे ‘वंशा’ची खूण म्हणून पाहिले गेले. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. म्हणजे विदर्भातील आजाराची माहिती साठहून अधिक वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले १ जुलै २०२३ रोजी.

या काळात काम केले ते थोड्या माणसांनी. संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून रुग्णांना संघटित केले आणि हा प्रश्न सरकारदरबारी नेला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांवर अभ्यास करून दाखवले की किलोमागे रोज १० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही हायड्रॉक्सीयुरिया वेदनेचे झटके कमी करते. भारतातील सिकलसेल ‘सौम्य’ असतो, असे पुस्तकी मत होते. नागपूरच्या मुलांमध्ये तो तीव्र स्वरूपातही आढळला.

इथे एक गैरसमज मोडून काढला पाहिजे. ‘हा खालच्या जातींचा आजार’ असे कुजबुजत बोलले जाते. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवून दिले की हा जनुक मलेरियापासून संरक्षण देतो. एका पालकाकडून आला तर माणूस निरोगी राहतो आणि मलेरियातही तगतो. दोन्हीकडून आला तर आजार होतो. म्हणून तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे, आणि आपल्या जंगलपट्ट्यातही आहे. जिथे मलेरिया होता तिथे तो टिकला. त्याचा शुद्ध-अशुद्धाशी काही संबंध नाही.

मग तो ठरावीक जातींत एवढा दाट का? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले की जातीचे सार सजातीय विवाहात आहे. त्या भिंतीने माणसे कोंडली, तसे जनुकही कोंडले. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाची निवड जितकी लहान वर्तुळात, तितका दोन वाहक एकत्र येण्याचा संभव जास्त. आज सरकार सांगते, पत्रिका नको, सिकलसेलचे कार्ड जुळवा. सल्ला चुकीचा नाही. पण जातीच्या भिंतीबद्दल अवाक्षर न काढता फक्त कार्ड जुळवायला सांगणे म्हणजे सगळे ओझे पीडितांच्या डोक्यावर ठेवणे. आणि त्यातही ‘एएस’ निघालेल्या मुलीचे लग्न मोडते, मुलाचे सहसा झाकले जाते. ही पुरुषसत्ता आपल्या वस्तीतही आहे, तिच्याशी आपल्यालाच भांडावे लागेल.

आता नव्या उपचाराकडे वळू. कॅसजेव्हीत रुग्णाच्याच रक्तातील मूळ पेशी काढतात. प्रयोगशाळेत, गर्भातील हिमोग्लोबिन बंद ठेवणाऱ्या ‘बीसीएल-११-ए’ या जनुकाच्या नियंत्रक भागावर कात्री चालवतात. नंतर केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करून त्या पेशी परत सोडतात. नवी मज्जा तयार होते आणि बाळपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा वाहू लागते. पुरेसा काळ तपासता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. जॅनेट वॉटसन यांना १९४८ मध्ये दिसलेला धागा २०२३ मध्ये औषध झाला! मात्र उपचार सोपा नाही. कित्येक आठवडे रुग्णालयात राहावे लागते आणि केमोमुळे वंध्यत्वाचा धोका असतो. हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे.

भारतातही हालचाल आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःचे क्रिस्पर तंत्र विकसित केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ या नावाने हा उपचार जाहीर झाला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्याचा करार झाला. भगवान बिरसा मुंडांचे नाव दिले, चांगले झाले. पण नाव बिरसांचे आणि किंमत सावकाराची, असे होता कामा नये. संशोधन जनतेच्या पैशातून झाले असेल तर किमतीवर जनतेचा हक्क आहे. करारातील किमतीच्या अटी जाहीर करा, आणि उपचाराची केंद्रे फक्त महानगरांत न काढता नागपूर-गडचिरोलीच्या आवाक्यात उभी करा, ही मागणी आज करायला हवी. उपचार बाजारात आल्यावर नाही.

आणि तोवर? १९८६ पासून ठाऊक आहे की लहानपणी नियमित पेनिसिलिन दिल्याने सिकलसेलच्या मुलांमधील जीवघेणा संसर्ग मोठ्या प्रमाणात टळतो. हायड्रॉक्सीयुरिया स्वस्त आहे. जन्मतःच तपासणी शक्य आहे. गावात होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, त्यासाठी पुढची चाचणी लागते. या चार गोष्टींना १८ कोटी लागत नाहीत. जनुकाच्या कात्रीचा गाजावाजा करून पेनिसिलिनच्या गोळीचा हिशेब टाळणाऱ्यांना आपण ओळखले पाहिजे.

कायद्यातही फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत घेतले. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षण मिळते. पण सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या कलम ३४ मध्ये रक्ताचे आजार नाहीत. शिकण्यापुरते दिव्यांग आणि नोकरीच्या वेळी धडधाकट, हा कुठला न्याय?

आपल्या विद्यार्थी संघटना, वस्तीतील मंडळे, बुद्धविहारांच्या समित्या यांनी हा विषय हाती घ्यावा. आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया आणि पेनिसिलिन किती महिन्यांचे शिल्लक आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. एसएस रुग्णांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळवून द्या. कलम ३४ मध्ये दुरुस्तीची मागणी आमदार-खासदारांपुढे लेखी ठेवा. आपल्यातील विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी जनुकशास्त्राकडे वळावे. आपल्या रक्तावर आजवर इतरांनी प्रबंध लिहिले, पुढचे प्रबंध आपल्या नावाचे हवेत.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे सूत्र रक्ताच्या प्रश्नालाही लागू आहे. १९७१ मध्ये त्या पँथरांनी ते करून दाखवले. आता पाळी आपली.

जय भीम!