खुलताबादची ग्रंथवाट

खुलताबादला जाणारा माणूस बहुधा दोन कारणांनी जातो. एक जियारत आणि दुसरे औरंगजेबाची कबर. मार्च २०२५ मध्ये या एकाच कबरीवरून राज्यभर गदारोळ उठला. बाजूने आणि विरोधात बोलणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते की हे गाव बादशहांच्या आधी लेखणीचे आहे?

निजामुद्दीन औलियांचे बोल ‘फवायदुल फुआद’मध्ये नोंदवणारे कवी अमीर हसन देहलवी इथेच चिरनिद्रा घेत आहेत. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची माणसे दौलताबादेत आणली, त्या काळात ते दख्खनला आले. हसन यांनी घालून दिलेली मलफूजातची रीत बुऱ्हाणुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांच्या मुरीदांनी पुढे चालवली. काशानी घराण्यातील भावांनी पीरांची वचने फारसीत उतरवली. त्यांपैकी रुक्नुद्दीन यांनी ‘शमायलुल अतकिया’ लिहिताना आधाराला घेतलेल्या दोनशेहून अधिक ग्रंथांची यादीच दिली. चौदाव्या शतकातील दख्खनमध्ये काय वाचले जात होते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

पुढे आझाद बिलग्रामी (१७०४–१७८६) आले. शहरातील पाणचक्कीजवळच्या बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात ते काही वर्षे राहिले. त्या दर्ग्याचा ग्रंथसंग्रह मोठा होता. खुलताबादच्या सूफींची चरित्रे त्यांनी ‘रौजतुल औलिया’त लिहिली आणि शेवटची जागा निवडली तीही अमीर हसन यांच्या कबरीशेजारी.

हे सारे आज कोण वाचतो? अमेरिकन अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी ही फारसी हस्तलिखिते अभ्यासून १९९२ मध्ये खुलताबादवर इंग्रजी ग्रंथ काढला. आपण मात्र फारसीला अदबीने रुमालात गुंडाळून ठेवले. वाळवी अदब पाळत नाही.

आपल्या पूर्वजांची रीत अशी नव्हती. ‘शमायलुल अतकिया’ सामान्यांना कळावा म्हणून मीराँ याकूब यांनी सतराव्या शतकात तो दखनीत आणला. त्या काळी लोकांची बोली दखनी होती. आज आपल्या मुलांची शाळेची आणि व्यवहाराची भाषा मराठी आहे. मग पुढचा अनुवाद कोणत्या भाषेत व्हायला हवा, हे वेगळे सांगायला नको.

मजारीवर चादर जरूर चढवावी. पण दर्ग्यादर्ग्यांतून, घराघरांतून उरलेल्या हस्तलिखितांची यादी करणे, त्यांची छायाचित्रे घेणे आणि निदान एकेक मलफूजात मराठीत आणणे, हीही जियारतच आहे. कबरींवरून वाद घालणाऱ्यांना उत्तर याच ग्रंथांतून देता येईल. मात्र त्यासाठी ते आधी आपण वाचलेले असायला हवेत.