जनरल वेडचा रस्ता आणि जॉकची वाट

नाव वाचून हसू नका. ‘वेड’ हे त्या गृहस्थाचं खरंखुरं आडनाव होतं. जनरल जॉर्ज वेड. आयर्लंडमध्ये जन्मलेला, ब्रिटिश फौजेतला अधिकारी. माझ्या भाच्याने पहिल्यांदा फोनवर “मावशी, तुला वेडचा रस्ता दाखवतो” असं सांगितलं, तेव्हा मीही हसले होते. मग शिक्षकी पेशाची जुनी खोड. वाचायला बसले, आणि हसणं मागे पडलं.

भाचा गेली बरीच वर्षं अ‍ॅबर्डीनला तेलाच्या कंपनीत नोकरी करतो. त्याच्याकडे एक जुनी लँड रोव्हर आहे. तिच्यावर त्याचं इतकं प्रेम आहे, की सूनबाई तिला सवत म्हणते. ही गाडी घेऊन डोंगरातल्या आडवाटा धुंडाळायच्या हा त्याचा सुट्टीचा उद्योग. २०२४ च्या जूनमध्ये मी महिनाभर त्यांच्याकडे राहिले, तेव्हा अशा दोन वाटा पाहिल्या. त्यांची हकीकत लिहून काढ असा घरच्यांचा आग्रह होता, म्हणून हा लेख. थोडा इतिहास ऐकून घ्यावा लागेल, त्याला इलाज नाही.

१६८८ साली इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याला गादी सोडून पळावं लागलं. तो स्ट्युअर्ट घराण्याचा. उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या (त्याला हायलंड्स म्हणतात) कित्येक कुळांची निष्ठा या परागंदा घराण्याशी राहिली. १७१५ साली मोठा उठाव झाला, १७१९ साली आणखी एक लहानसा. लंडनच्या सरकारची अडचण अशी, की या डोंगरात फौज पाठवायची तर रस्ताच नाही. डोंगरी माणसं पायवाटांनी, ओढ्यांतून, दलदलीतून वाऱ्यासारखी जायची. तोफा आणि सामानाच्या गाड्या मात्र चिखलात रुतून बसायच्या. आपल्याकडे सह्याद्रीत मोगलांची जी गत झाली ती आठवा, म्हणजे वेगळं समजावून सांगायला नको.

१७२४ साली वेडला पाहणीसाठी पाठवलं आणि पुढच्याच वर्षी त्याने काम सुरू केलं. दहा-बारा वर्षांत सुमारे २५० मैल रस्ते आणि चाळीसच्या आसपास पूल झाले. मजूर कोण? तर शिपाईच. रोजच्या सहा पेन्सांच्या पगारावर या कामाचे आणखी सहा पेन्स मिळायचे. रस्त्याची रुंदी साधारण सोळा फूट. कठीण जमीन लागेपर्यंत खणायचं, तळाशी मोठे धोंडे, त्यावर लहान दगड, वर खडी पसरून ती ठोकून बसवायची. थंडीत बर्फ पडतो, म्हणून काम उन्हाळी महिन्यांत.

यातला सगळ्यात धाडसी रस्ता कॉरियारिक खिंडीतला. ‘कॉरी’ हा तिथल्या गेलिक भाषेतला शब्द, मूळ अर्थ हंडा. डोंगराच्या पोटात हंड्यासारखा खळगा असतो, त्याला ते कॉरी म्हणतात. ही खिंड अडीच हजार फुटांहून उंच आहे. आपल्याला अडीच हजार फूट म्हणजे काही विशेष वाटत नाही, पण तिथे त्या उंचीवर झाड उभं राहत नाही आणि जूनमध्येही कानाला मफलर लागतो. १७३१ च्या एका उन्हाळ्यात सुमारे पाचशे शिपायांनी हा रस्ता केला. ३० ऑक्टोबरला राजाचा वाढदिवस, त्या दिवशी अख्खे बैल भाजून जेवणावळ घातली. रस्ता पलीकडे फोर्ट ऑगस्टसला उतरतो. राजाच्या धाकट्या मुलाचं नाव त्या किल्ल्याला दिलं. तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा पोरगा होता. त्याची गोष्ट पुढे येईल.

रस्ता झाल्यावर लोक काय म्हणाले, हे एडमंड बर्ट नावाच्या माणसाने लिहून ठेवलंय. तो वेडच्या काळात हायलंड्समध्ये नोकरीला होता आणि त्याची पत्रं १७५४ साली पुस्तकरूपाने छापली गेली. मला त्यातला हा भाग फार मोलाचा वाटतो. तिथल्या सरदारांची तक्रार, की रस्त्याने परके लोक आत येतील आणि पुलांमुळे आपली माणसं ऐदी होतील, पाण्यातून जायची सवय जाईल. गरिबांची तक्रार याहून साधी. खडी अनवाणी पायांना टोचते आणि घोड्यांचे बिननालाचे खूर झिजतात! वर्गात मी इतकी वर्षं ‘रस्ते बांधणे’ हे राज्यकर्त्यांच्या सुधारणांच्या यादीत शिकवत आले. ज्याच्या पायात जोडा नाही त्याला तो रस्ता कसा लागतो, हे पाठ्यपुस्तकात कधी आलं नाही.

आता गंमत पाहा. १७४५ साली परागंदा राजाचा नातू, राजपुत्र चार्ल्स एडवर्ड, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. १९ ऑगस्टला ग्लेनफिनन येथे त्याने निशाण उभारलं. सरकारी सेनापती सर जॉन कोप त्याला अडवायला दक्षिणेकडून निघाला, अर्थातच वेडच्या रस्त्याने. डॅलव्हिनीला पोचल्यावर त्याला खबर मिळाली, की डोंगरी लोक कॉरियारिकच्या माथ्यावर येऊन बसलेत. ती वळणं चढताना वरून गोळ्या आल्या तर काय, या विचाराने तो सरळ इन्व्हरनेसकडे वळला. दक्षिणेचा रस्ता मोकळा! २८ ऑगस्टला राजपुत्राची माणसं खिंड ओलांडून आली. १७ सप्टेंबरला एडिंबरो त्यांच्या हातात होतं आणि २१ सप्टेंबरला प्रेस्टनपॅन्सला त्यांनी याच कोपचा फज्जा उडवला. बंडखोरांना चिरडायला बांधलेला रस्ता सर्वांत आधी बंडखोरांच्याच उपयोगी पडला. कोपच्या टिंगलीचं गाणं तिथे अजून गातात.

शेवट मात्र दु:खाचा झाला. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर राजपुत्राची फौज तासाभरात कापली गेली. तिथे सरकारी सेनापती होता ड्यूक ऑफ कंबरलंड, म्हणजे मघाचा तो ऑगस्टस. जखमींनाही सोडलं नाही, म्हणून लोकांनी त्याला ‘खाटीक’ हे नाव दिलं. पुढच्या शंभर वर्षांत जमीनमालकांनी मेंढ्यांसाठी दऱ्याच्या दऱ्या माणसांपासून रिकाम्या केल्या. आज तिथे जी रम्य शांतता वाटते तिचं कारण हे आहे. भाच्याला मी तसं म्हटलं, तर तो बराच वेळ गप्प होता.

जाता जाता एक विषयांतर. पेशवाई गेल्यानंतर बारा वर्षांनी, १८३० साली, बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. तो खुला करणारे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम स्कॉटलंडचेच, दक्षिणेकडच्या सरहद्दीवरच्या मुलखातले. नवा मुलूख हातात आला की घाट फोडायचा, ही रीत त्यांना घरची होती म्हणायची. असो.

तर आम्ही गेलो. अ‍ॅबर्डीनहून लॅगन गावापर्यंत तीनेक तास. तिथून स्पे नदीच्या काठाने अरुंद रस्ता आत जातो. वाटेत गार्व्हा पूल लागतो. १७३२ चा, दोन कमानींचा, वेडचाच. आमची दोन टनांची गाडी त्यावरून गेली आणि पुलाला काही वाटलं नाही. मेलगार्व्हच्या आसपास गाडीचा रस्ता संपतो. पुढे खिंडीत मोटारींना बंदी आहे.

इथे मावशी-भाच्यांचं वाजलं. एके काळी लोक मोटारसायकली आणि फोर-व्हीलर गाड्या घेऊन ही खिंड सर्रास ओलांडायचे. चाकांनी रस्त्याची पार दैना केली, म्हणून बंदी आली. रस्त्याचा बराच भाग आता संरक्षित स्मारक आहे. भाच्याचं म्हणणं, “मावशी, रस्ता बांधलाच चाकांसाठी. तोफा काय डोक्यावर नेल्या? शेजारून विजेचे एवढे राक्षसी मनोरे नेले ते चालतं, इस्टेटीचा रखवालदार गाडी घेऊन फिरतो ते चालतं, मी नाही चालत. आणि तुझे गुडघे? सत्तरीच्या माणसाने हा माथा बघूच नये का?”

मनोऱ्यांचं त्याचं खरं होतं. खिंडीतून उच्चदाबाची वीजवाहिनी गेली आहे आणि ती डोळ्यांत खुपते. गुडघ्यांचंही खरं. पण मी म्हटलं, गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघते. काठी घेतली आणि निघाले.

वळणांच्या पायथ्याला पोचायला मला किती वेळ लागला ते लिहीत नाही, नातेवाईक वाचतात. समोर डोंगराच्या अंगावर डझनाहून जास्त नागमोडी वळणं एकावर एक चढत गेलेली. मी तीन चढले आणि चौथ्यावर बसले. भाचा माथ्यापर्यंत जाऊन आला. त्या दीडेक तासात मी रस्ता पाहिला. जिथे पाण्याने कड तोडली होती तिथे थर उघडे पडले होते, खाली धोंडे, वर बारीक दगड, अगदी पुस्तकात वाचलेले. आणि मधोमध खोल चर. ओल्या जमिनीत चाक एकदा रुतलं की तिथे पाणी साचतं, पुढची गाडी ते टाळायला बाजूने जाते, मग तिथे दुसरा चर, आणि पाऊस दोन्हीतून खडी वाहून नेतो. तीनशे वर्षं मेंढ्या, गुरं आणि माणसं गेली त्याने जे झालं नाही, ते थोड्या वर्षांत झालं. मला माथा दिसला नाही तरी चालेल, बंदी योग्यच आहे असं माझं तिथे बसूनच मत झालं. भाच्याला ते अजून पटलेलं नाही.

फौजेला या रस्त्याची गरज फार दिवस राहिली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस टेलफर्डने लॅगनवरून सोपा रस्ता काढला आणि सरकारने खिंडीवर खर्च करणं सोडलं. तरी गुराखी येत राहिले. पश्चिमेची बेटं आणि डोंगर इथली गुरं शेकडो मैल चालवत दक्षिणेला फॉलकर्कच्या बाजारात न्यायची, हा तिथला मोठा धंदा. खडीच्या रस्त्यावर गुरांना नाल ठोकावे लागत. बरेचसे कळप रस्ता टाळून बाजूच्या गवतातून नेत. म्हणजे पुन्हा बर्टची खडी!

या गुराख्यांनीच दुसऱ्या वाटेचा निकाल लावला. ही वाट ग्लेन डॉल या दरीतून वर पठारावरून ब्रेमारला जाते. सुमारे चौदा मैल. तिला ‘जॉक्स रोड’ म्हणतात, पण रोड नावालाच, आहे ती पायवाट. १८८० च्या दशकात ग्लेन डॉलची इस्टेट डंकन मॅकफर्सन या गृहस्थाकडे होती. ऑस्ट्रेलियात पैसा मिळवून आलेला. शिकारीत व्यत्यय नको, म्हणून त्याने वाट बंद केली. जॉन ऊर्फ जॉक विंटर नावाचा तिथलाच एक माणूस त्याच्याशी भांडला, आणि एडिंबरोच्या हक्काच्या वाटा राखणाऱ्या संस्थेने खटला लढवला. ही संस्था १८४५ पासूनची.

स्कॉटलंडच्या कायद्यात अशी वाट सिद्ध करायची तर लोक ती उघडपणे, कुणाची परवानगी न घेता वापरत आले हे दाखवावं लागतं. तेव्हा चाळीस वर्षांचा वापर लागे, आता वीस वर्षं पुरतात. कागद कुठून आणणार? साक्षीला आले म्हातारे मेंढपाळ आणि गुराखी. आम्ही याच वाटेने मेंढ्या बाजाराला नेत होतो, एवढंच त्यांनी सांगितलं. एडिंबरोच्या कोर्टात मॅकफर्सन हरला, हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८८८ साली तिथेही हरला. खर्चाने दोन्ही बाजूंचं कंबरडं मोडलं. मी आयुष्यभर मुलांना ‘इतिहासाची लिखित साधने’ शिकवली. इथे देशाच्या सर्वोच्च कोर्टाने, ज्यांना कदाचित सहीसुद्धा येत नसेल अशा लोकांची आठवण हेच साधन मानलं.

२००३ साली स्कॉटिश पार्लमेंटने जमीन सुधारणा कायदा केला, तो २००५ पासून लागू आहे. जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही जवळपास कुठल्याही जमिनीवर पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जायचा हक्क आहे. मोटारीला नाही. अपवाद एकच, अपंग माणसासाठी बनवलेलं वाहन त्याने स्वत: वापरलं तर. भाच्याने हे कलम मला मुद्दाम वाचून दाखवलं आणि माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. ते विनोदाने होतं, पण प्रश्न खोटा नाही. ज्याला चालता येत नाही आणि तसं वाहन परवडत नाही, त्याने काय करायचं? माझ्याकडे उत्तर नाही.

ग्लेन डॉलला आम्ही गाडी खाली वाहनतळावर, पैसे भरून ठेवली. आधी जंगल, मग ते संपून दरी अरुंद होते आणि दोन्हीकडे कडे येतात. वाटेच्या सुरुवातीला त्या संस्थेची हिरवी पाटी आहे. मी दोनेक मैल गेले. वर एका खडकाच्या आडोशाला दगड-मातीचा निवारा आहे म्हणतात. १९५९ च्या नववर्षदिनी या वाटेवर पाच जण वादळात सापडून गेले, त्यानंतर डेव्ही ग्लेन नावाच्या माणसाने तो बांधला. तिथवर जायचं मनात होतं, पण ढग उतरले. वरून येणाऱ्या एका जोडप्याने हात करून “मागे फिरा” अशी खूण केली. बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. काठीही तशीच.