घड्याळ वर्षातून दोनदा बदलायला कंटाळलेले देश ही पद्धत बंद का करू शकत नाहीत?

मार्च महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं पहाटे दोनवरून थेट तीनवर जातात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा एक तास मागे येतात. पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांना हा बदल लगेच जाणवतो. न्यूयॉर्कचा शेअर बाजार भारतीय वेळेनुसार हिवाळ्यात रात्री आठला उघडतो, तर उन्हाळ्यात संध्याकाळी सातला.

युरोपातही घड्याळं बदलतात, पण तारखा वेगळ्या असतात. तिथे मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ठरलेला आहे.

या पद्धतीला अमेरिकेत 'डेलाइट सेव्हिंग टाइम' म्हणतात आणि युरोपात 'समर टाइम'. जगातले साधारण एक तृतीयांश देश ती पाळतात. ती बंद करा, अशी मागणी बरीच जुनी आहे. त्यासाठी मतदानही झालंय. तरी घड्याळं बदलतातच. असं का?

ही कल्पना आली कुठून?

न्यूझीलंडमधले कीटक अभ्यासक जॉर्ज हडसन यांनी १८९५ मध्ये उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे न्यावं, असं सुचवलं होतं. ते पोस्टात नोकरी करायचे आणि काम सुटल्यावर कीटक गोळा करायला उजेड हवा, अशी त्यांची अडचण होती. पुढे १९०७ मध्ये इंग्लंडमधले बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी अशीच मागणी लावून धरली. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो, लोक मात्र झोपलेले असतात आणि संध्याकाळी दिवे लावून बसतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

विलेट यांचं १९१५ मध्ये निधन झालं. त्यांची कल्पना प्रत्यक्षात आली ती युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने ३० एप्रिल १९१६ रोजी घड्याळं एक तास पुढे केली. काही आठवड्यांतच ब्रिटननेही तेच केलं. अमेरिकेने १९१८ मध्ये ही पद्धत स्वीकारली.

वीज खरंच वाचते का?

थोडीशी, आणि तीही सगळीकडे नाही. अमेरिकेने २००७ पासून हा काळ साधारण चार आठवड्यांनी वाढवला. त्यामुळे किती वीज वाचली, याचा हिशोब तिथल्या ऊर्जा विभागाने मांडला. वाढवलेल्या दिवसांत रोज साधारण अर्धा टक्का वीज वाचली होती. पण वर्षभराच्या एकूण वापरात ही बचत फक्त ०.०३ टक्के भरली.

इंडियाना राज्यात तर उलटंच घडलं. २००६ मध्ये तिथे राज्यभर ही पद्धत लागू झाल्यावर घरगुती विजेचा वापर सुमारे एक टक्क्याने वाढल्याचं संशोधकांना आढळलं. दिव्यांवरचा खर्च कमी झाला, पण एसी आणि हीटरचा वाढला. शंभर वर्षांपूर्वी घरात विजेचा किंवा गॅसचा मुख्य वापर दिव्यांसाठी होता. आता तसं राहिलेलं नाही.

अ‍ॅरिझोनाच्या बहुतेक भागात ही पद्धत पाळली जात नाही. वाळवंटी उन्हात तापणाऱ्या या राज्यात संध्याकाळी आणखी एक तास ऊन कुणालाच नको असतं.

एका तासाने असा काय फरक पडतो?

मार्चमध्ये एक तासाची झोप कमी होते. अमेरिकेतल्या जीवघेण्या रस्ते अपघातांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार घड्याळ पुढे केल्यानंतरच्या आठवड्यात असे अपघात सुमारे सहा टक्क्यांनी वाढतात.

मिशिगनमधल्या २०१४ च्या अभ्यासात घड्याळ पुढे केल्यानंतरच्या सोमवारी हृदयविकाराच्या झटक्याचे रुग्ण २४ टक्क्यांनी जास्त आढळले. हा आकडा सोशल मीडियावर दरवर्षी फिरतो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र मागे पडते. पूर्ण आठवड्याची बेरीज केली, तर एकूण रुग्ण वाढलेले नव्हते. म्हणजे ज्यांना आधीच धोका होता, त्यांना झटका थोडा लवकर आला असावा.

मग अडलंय कुठे?

'घड्याळ बदलणं थांबवा' यावर बहुतेकांचं एकमत होतं. खरा वाद त्यानंतर सुरू होतो. घड्याळ थांबवायचं कुठे? उन्हाळ्याच्या वेळेवर की हिवाळ्याच्या?

कायम उन्हाळ्याची वेळ ठेवली, तर वर्षभर संध्याकाळी जास्त उजेड मिळतो. दुकानदार, हॉटेलवाले आणि मैदानी खेळांशी जोडलेल्या व्यवसायांना हे हवं असतं. कायम हिवाळ्याची, म्हणजेच प्रमाणवेळ ठेवली, तर सकाळी लवकर उजाडतं. झोपेच्या डॉक्टरांचा कल याच बाजूला आहे. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर चालतं, म्हणून कायम प्रमाणवेळच ठेवावी, अशी भूमिका अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२० मध्ये घेतली.

तीन देशांनी करून पाहिलं, तिघांनीही सोडलं

ब्रिटनने १९६८ मध्ये वर्षभर उन्हाळ्याची वेळ ठेवून पाहिली. संध्याकाळचे अपघात कमी झाले, सकाळचे वाढले. एकूण गोळाबेरीज फायद्याचीच होती. पण उत्तर स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात उजाडायला जवळपास दहा वाजायचे. अखेर संसदेने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी हा प्रयोग संपवला. १९७१ च्या हिवाळ्यापासून जुनी पद्धत परत आली.

अमेरिकेने तेलटंचाईच्या काळात, ६ जानेवारी १९७४ पासून हेच केलं. प्रयोग दोन वर्षांसाठी होता. सुरू होण्याआधी ७९ टक्के लोकांचा त्याला पाठिंबा होता. पण मुलांना अंधारात शाळेला जावं लागलं, अपघातांच्या बातम्या आल्या आणि फेब्रुवारीपर्यंत पाठिंबा ४२ टक्क्यांवर घसरला. पुढचा हिवाळा येण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये कायदा बदलावा लागला.

रशियाने २०११ मध्ये कायम उन्हाळ्याची वेळ धरली. अंधाऱ्या सकाळींना लोक वैतागले आणि २०१४ मध्ये देश कायम हिवाळ्याच्या वेळेवर गेला. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांत थेट प्रमाणवेळच निवडली. तुर्कस्तान मात्र २०१६ पासून कायम उन्हाळ्याच्या वेळेवर टिकून आहे.

युरोप आणि अमेरिकेत आता काय स्थिती आहे?

युरोपीय संघाने २०१८ मध्ये लोकांची मतं मागवली. तब्बल ४६ लाख उत्तरं आली आणि त्यातल्या ८४ टक्के लोकांना घड्याळ बदलणं नको होतं. मार्च २०१९ मध्ये युरोपीय संसदेनेही २०२१ पासून ते बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. पण सदस्य देशांचं आपसांत जमलं नाही.

त्याचं कारण नकाशात दिसतं. पोलंडपासून स्पेनपर्यंत एकच वेळ चालते. कायम हिवाळ्याची वेळ ठेवली, तर वॉर्सात जूनमध्ये पहाटे सव्वातीनला सूर्य उगवेल. कायम उन्हाळ्याची ठेवली, तर स्पेनच्या पश्चिमेकडच्या व्हिगो शहरात डिसेंबरमध्ये सूर्य उगवायला सकाळचे दहा वाजून जातील. प्रत्येक देशाने वेगळी निवड केली, तर शेजारच्या देशात कामाला जाणाऱ्यांचे हाल होतील.

अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये सिनेटने कायम उन्हाळ्याच्या वेळेचं विधेयक एकमताने मंजूर केलं. प्रतिनिधी सभागृहाने ते मतदानाला घेतलंच नाही. तिथे राज्यांना स्वतःहून कायम प्रमाणवेळ ठेवता येते, पण कायम उन्हाळ्याच्या वेळेसाठी संसदेची परवानगी लागते.

भारतात घड्याळ का बदलत नाही?

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात भारतातली घड्याळंही एक तास पुढे होती. पण एरवी इथे त्याचा उपयोग नाही. मुंबईत सर्वांत लहान दिवस साधारण ११ तासांचा असतो आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. लंडनमध्ये हाच फरक पावणेआठ ते साडेसोळा तासांच्या घरात जातो.

थोडक्यात

वीज वाचवण्याचं मूळ कारण आज फारसं उरलेलं नाही आणि मार्चमधल्या बदलाचा शरीराला त्रास होतो. तेवढ्यापुरतं पाहिलं, तर ही पद्धत बंद करणंच योग्य ठरतं. पण दिवसाचा उजेड कायद्याने वाढत नाही. संध्याकाळी दिलेला तास सकाळमधूनच काढावा लागतो. आणि हिवाळ्यातल्या त्या सकाळी मुलं शाळेला निघालेली असतात.