कंधार : राजधानीच्या खुणा पाहताना

‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद राष्ट्रकूट अभिमानानं मिरवत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. राजधानी मान्यखेट, आजचं मळखेड. पण तिसऱ्या कृष्णाच्या काळात, इ.स. ९३९ ते ९६७, नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचंही वैभव मोठं होतं.

आपण कंधारला जातो, किल्ला बघतो, फोटो काढतो नि परततो. जगत्तुंग समुद्राला नुसतं तळं म्हणतो. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे बघायचे राहूनच जातात. आता बघा, तुकड्यांवरून अख्खी मूर्ती मनात उभी करणं, हेच तर इतिहासाचं काम! पण त्यासाठी तुकडे शिल्लक हवेत, तेही जागच्या जागी. शेताच्या बांधावर कोरीव दगड दिसला, तर हलवू नका. जागा सुटली की दगड मुका होतो.